लढाऊ माशाचे दुखणे

थायलंडच्या मध्यभागातून चाओ फ्राया ही नदी वाहते. तिच्या खोऱ्यात भातशेती मोठी. पावसाळ्यात खाचरे भरली, की त्या उथळ पाण्यात भाताच्या रोपांच्या आडोशाने एक बोटभर लांबीचा मासा वावरू लागतो. तेथील लोक त्याला ‘प्ला कट’ म्हणतात. ‘प्ला’ म्हणजे मासा व ‘कट’ म्हणजे चावणे. दोन नर समोरासमोर आले, की कल्ल्यांची झाकणे पसरून ते एकमेकांवर तुटून पडतात; त्यावरून हे नाव पडले. १९१० साली चार्ल्स टेट रेगन या इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञाने त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव दिले, आणि २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. आपल्याकडील दुकानांत तो ‘फायटर’ या नावाने विकला जातो.

खाचरातला मूळ मासा दिसण्यास साधा, मळकट रंगाचा व आखूड शेपटीचा असतो. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याला निळा, तांबडा, जांभळा असे नाना रंग दिले आणि पैठणीच्या पदरासारखी लांब शेपटी दिली. ही शेपटी शोभेची खरी. पण ती ओढत नेताना मासा थकतो, ती कडक वस्तूंना अडकून फाटते, आणि फाटलेल्या जागी रोग शिरतो. सौंदर्याची किंमत अशी माशाला मोजावी लागते.

या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत, अनेक घड्या पडलेले एक इंद्रिय असते. पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तो हवेचा घोट घेतो आणि या इंद्रियाच्या साहाय्याने हवेतील प्राणवायू रक्तात शोषून घेतो. खाचरातले पाणी तापून त्यातील प्राणवायू कमी झाला, तरी तो गुदमरत नाही, ते यामुळेच. निसर्गाची ही देणगी पाळीव माशाच्या मात्र मुळावर आली आहे. मुरंब्याच्या बरणीएवढ्या पात्रातही तो आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो, आणि लोक समजतात, की त्याला एवढेच पाणी पुरते. वस्तुतः जिवंत राहणे निराळे आणि निरोगी असणे निराळे.

मासा श्वसन करताना त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. विष्ठा व उरलेले अन्न कुजूनही अमोनिया होतो. तो माशाला विषासमान आहे. त्याने कल्ले पोळतात आणि त्वचेवरील बुळबुळीत थर झिजतो. तळ्यात किंवा जुन्या मत्स्यालयात या अमोनियाची विल्हेवाट लावणारे जीवाणू असतात. त्यांतील एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. हे उपकारक जीवाणू गाळणीतल्या स्पंजावर व तळच्या वाळूवर वस्ती करून असतात, आणि ती वस्ती नीट बसण्यास काही आठवडे लागतात. बरणीत गाळणी नाही, वाळू नाही, मग वस्ती होणार कोठे? पाणी दिसते स्वच्छ. पण अमोनियाला रंग नसतो.

आता असा एक मासा डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या शेपटीची कड काळपट होऊन झडू लागली आहे. अंगावर कोणी रवा भुरभुरावा तसे बारीक पांढरे ठिपके उठले आहेत. पोट फुगले आहे, आणि मासा पात्राच्या तळाशी कलून पडला आहे. एकाच वेळी तीन-चार दुखणी! पाळणारा घाबरतो, दुकानात धावतो आणि तीन-चार औषधांच्या बाटल्या घेऊन येतो. बहुतेक मासे रोगाने मरण्याआधी या बाटल्यांनीच मरत असावेत.

इतके रोग एकदम का येतात, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर म्हणजे किल्ल्याचा तट होय. तट शाबूत असेतो भोवतालच्या पाण्यातले जंतू बाहेरच थोपवले जातात. तट ढासळला, की शत्रू एकाच वाटेने येत नाही. अमोनियाने तो झिजला, थंडीने मासा गारठला, म्हणजे शेपटीकडून जीवाणू शिरतात, त्वचेत परोपजीवी घुसतात, जखमेवर कापसासारखी बुरशी धरते. रोग चार दिसले, तरी पुष्कळदा त्यांचे कारण एकच असते. म्हणून जाणता माणूस पहिला हात औषधाला लावत नाही, पाण्याला लावतो.

पाण्यातील अमोनिया व नायट्राइट मोजण्याची साधने विकत मिळतात. दोन्ही शून्य असावीत. ती नसतील, तर पात्रातील तिसरा हिस्सा किंवा अर्धे पाणी काढून तेवढ्याच उष्णतेचे नवे पाणी हळूहळू घालावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. आजारी जिवाला तो धक्का सोसत नाही. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असतो. उघड्या बादलीत पाणी दिवसभर ठेवले, तर तो बहुतेक उडून जातो. परंतु काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते असे उडत नाही. त्यासाठी दुकानात मिळणारे क्लोरीननाशक थेंबच घालावे लागतात. पाण्याची उष्णताही पाहावी. या माशाला २५ ते २७ अंश सेल्सियस उष्णता मानवते. पुणे-नाशिककडच्या थंडीत रात्री पाणी त्याहून पुष्कळ गार होते, आणि शीतरक्ती मासा गारठला, की त्याची रोगाशी झुंजण्याची शक्तीही मंदावते.

पाणी सुधारल्यावर तीन-चार दिवसांत शेपटीची झड पुष्कळदा आपोआप थांबते. न थांबली, तर निराळे पात्र घेऊन औषधोपचार सुरू करावा. निराळे पात्र कशासाठी? कारण मिथिलीन ब्लूसारखी औषधे रोगजंतूंबरोबर गाळणीतल्या उपकारक जीवाणूंनाही मारतात. मग अमोनिया पुन्हा साठतो आणि मूळ दुखणे परत येते. शिवाय काही गाळण्यांत कोळसा असतो. तो पाण्यातले औषध शोषून घेतो. ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार करणाऱ्याने आधी तो कोळसा काढला आहे का ते पाहावे.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून घेण्याजोगा आहे. तो एका आदिजीवामुळे होतो. हा परोपजीवी माशाच्या त्वचेखाली शिरून बसतो आणि तेथेच खाऊनपिऊन वाढतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे त्याचे घरच. त्या घरात असेपर्यंत त्याला कोणतेही पाण्यातले औषध पोहोचत नाही. वाढ पुरी झाली, की तो मासा सोडून तळाशी पडतो, भोवती कवच करतो, आणि कवचाच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार होत शेकडो पिले तयार होतात. कवच फोडून ती पोहत सुटतात व नवा मासा शोधतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या पिलांनाच. म्हणजे ठिपके नाहीसे झाले, तेव्हा शत्रू मेलेला नसून तळाशी फौज जमवीत असतो. नेमक्या याच वेळी लोक निर्धास्त होऊन औषध थांबवतात, आणि काही दिवसांनी पूर्वीपेक्षा अधिक ठिपके उठतात. शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवावा लागतो. पाणी उबदार असेल, तर हे चक्र काही दिवसांतच पुरे होते. गार असेल, तर आठवडे लागतात. म्हणून या रोगात पाण्याची उष्णता दिवसाकाठी एखाद-दोन अंशांनी वाढवून तीस अंशांपर्यंत नेतात, म्हणजे पिले लवकर बाहेर पडतात व लवकर मरतात.

परंतु येथेच दोन रोगांचे भांडण उभे राहते. माशाच्या तोंडावर किंवा पाठीवर राखाडी-पांढरे चट्टे आले, तर ते बुरशीसारखे दिसले तरी पुष्कळदा एका लांबट जीवाणूचे काम असते, आणि हा जीवाणू उबेत झपाट्याने वाढतो. ठिपक्यांसाठी पाणी तापवावे, तर चट्टे फोफावतात! अशा वेळी आधी काय करावे? जो रोग लवकर प्राण घेतो, त्याचा बंदोबस्त आधी. हे चट्टे एक-दोन दिवसांतही माशाला संपवू शकतात. ठिपके त्या मानाने सवड देतात. तेव्हा उष्णता वाढवण्याचा मोह आवरून प्रथम चट्ट्यांवर इलाज करणे शहाणपणाचे. हा इलाज बहुधा प्रतिजैविकाचा असतो. तो मत्स्यरोगांची माहिती असलेल्या पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करावा. अर्धवट दिलेल्या प्रतिजैविकाने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. दोन औषधे एकाच पात्रात तर कधीही मिसळू नयेत. एकाचा क्रम पुरा करावा, पाणी बदलून एक-दोन दिवस विसावा द्यावा, मग दुसऱ्याकडे वळावे.

साधे मीठ हे या सर्वांत जुने व स्वस्त औषध. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याहून खारट असते. त्यामुळे त्याच्या अंगात सतत पाणी झिरपत राहते आणि मूत्रपिंडांना ते अहोरात्र बाहेर टाकावे लागते. त्वचेला जखमा झाल्या, की पाणी अधिक झिरपते. पाण्यात थोडे मीठ घातल्याने हा भार हलका होतो. प्रमाण लिटरला एक ग्रॅम, म्हणजे पाच लिटरला चहाचा एक सपाट चमचा. मीठ आधी पेल्यात विरघळवून मग घालावे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, हे मात्र विसरू नये. दहा लिटरच्या पात्रातून तीन लिटर पाणी काढून नवे घातले, तर मीठ तीनच ग्रॅम घालायचे. नुसते आटलेले पाणी भरून काढले, तर मुळीच घालायचे नाही. एवढा हिशेब चुकला, तरी औषधाचे विष होते.

पोट फुगण्याची कारणे मात्र दोन, आणि त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मासा अति खाऊन फुगला असेल, तर एक-दोन दिवस उपास घालणे एवढाच उपाय पुरतो. लोक त्याला शिजवलेला वाटाणा भरवतात. पण हा मासा खाचरात डासांच्या अळ्या व किडे खाणारा. पाण्यातले बारीक किडेच त्याला अधिक मानवतात. मात्र वरून पाहिले असता खवले उभे राहिलेले दिसले, पिकू लागलेल्या सीताफळाचे डोळे सुटतात तसे, तर ते जलोदराचे लक्षण. आतील इंद्रिये निकामी होऊन अंगात पाणी साठलेले असते. त्यावर साध्या मिठाऐवजी एप्सम मीठ देण्याची रीत आहे. तथापि खवले उभे राहिल्यावर फारच थोडे मासे वाचतात, हे पाळणाऱ्या मुलास मोठ्यांनी स्पष्ट सांगावे. खोटी आशा लावण्यापेक्षा ते बरे.

थायलंडमध्ये हे मासे वाढवणारे लोक पाण्यात वाळलेले बदामाचे पान टाकतात. हे झाड आपल्या कोकणात व मुंबईच्या रस्त्यांवर रुंद सावली देत उभे असते. त्याच्या पानातील तुरट द्रव्याने पाणी चहासारखे तांबूस व किंचित आम्ल होते, आणि काही जीवाणूंची वाढ त्याने मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. पान धुतलेले व धुरा-फवाऱ्यापासून दूरच्या झाडाचे असावे. ते पथ्याच्या जागी चालेल, औषधाच्या जागी नव्हे.

शुश्रूषा करणाऱ्यानेही जपले पाहिजे. माशांच्या क्षयाचा एक जंतू माणसाच्या जखमेतून शिरून त्वचेवर चिवट फोड आणतो. म्हणून हाताला कापले असेल तर तो पाण्यात घालू नये, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. आजारी माशाची जाळी व पेला निराळा ठेवावा. ते पाणी विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नये.

उपचार लागू पडला, की मासा प्रथम तळ सोडून वर येतो, माणूस जवळ येताच पर पसरतो आणि अन्नावर झडप घालतो. पुढे शेपटीच्या झडलेल्या कडेवर नवी वाढ दिसू लागते. ही नवी कड काचेसारखी पारदर्शक असते. तिलाच पुन्हा रोग समजून कित्येक जण घाईने औषध सुरू करतात. रोगाची कड काळपट, फाटकी व दिवसेंदिवस आत सरकणारी असते. नव्या वाढीची कड नितळ व बाहेर सरकणारी. काही आठवडे नुसते स्वच्छ पाणी मिळाले, की त्या नितळ कडेत हळूहळू रंग उतरतो.