कोकुसो व कोकुमिनसो : जपानांतील सरकारी अंत्यविधीचा वाद

जपानचे माजी मुख्य प्रधान शिंझो आबे यांचा सरकारी अंत्यविधि ता. २७ सप्टेंबर २०२२ रोजीं टोकियोंत झाला. त्या वेळीं माजलेल्या वादांतील पक्षापक्षांचा भाग येथें अप्रस्तुत आहे. आमच्या दृष्टीनें मुख्य प्रश्न कागदाचा आहे. अशा विधीस अधिकार येतो तो कोणत्या लेखानें?

सरकारी अंत्यविधीस जपानींत 'कोकुसो' म्हणतात. लोकांच्या नांवें होतो तो 'कोकुमिनसो'. या दोन शब्दांतील अंतर १९२२ सालीं उघड झालें. ओकुमा व यामागाता हे दोघेहि माजी मुख्य प्रधान, आणि दोघांचाहि जन्म १८३८ चा. ओकुमा १० जानेवारीस वारले. त्यांस कोकुसोचा मान मिळाला नाहीं. तेव्हां हिबिया उद्यानांत कोकुमिनसो झाला व त्यास अफाट जनसमुदाय लोटला. पुढें १ फेब्रुवारीस यामागाता वारले. त्यांचा कोकुसो त्याच उद्यानांत झाला, पण मंडपांतील जागा रिकाम्या राहिल्या. दोघांचींहि थडगीं गोकोकुजी या एकाच मंदिराच्या आवारांत आहेत.

ऑक्टोबर १९२६ मध्यें कोकुसोविषयीं बादशाही हुकूम निघाला. राष्ट्राची मोठी सेवा केलेल्या पुरुषास हा मान बादशहाच्या खास कृपेनें मिळावा, असा त्याचा आशय. नव्या राज्यघटनेनंतर, १९४७ च्या अखेरीस, हा हुकूम रद्द झाला, व त्याच्या जागीं दुसरा कायदा झाला नाहीं. सर्व घोटाळ्याचें मूळ आमच्या मतें येथें आहे.

१९६७ सालीं योशिदा वारले, तेव्हां मुख्य प्रधान सातो यांनीं केवळ मंत्रिमंडळाच्या ठरावावर कोकुसो केला. तेच सातो १९७५ सालीं वारले. त्यांच्या वांट्यास मात्र सरकार, पक्ष व लोक यांनीं मिळून केलेला कोकुमिनसो आला. १९२२ सालीं जें नांव दरबारानें मान न दिल्यामुळें पुढें आलें, तेंच आतां तडजोडीच्या कामीं आलें!

आबे यांच्या वेळीं सरकारनें १९९९ च्या मंत्रिमंडळ-कचेरीच्या कायद्यांतील एका कलमावर बोट ठेविलें. राष्ट्राच्या समारंभांची व्यवस्था त्या कचेरीकडे आहे, एवढेंच तें कलम सांगतें. कारभाऱ्याच्या नेमणुकीच्या कागदांत अमुक समारंभाची व्यवस्था त्यानें पहावी असें असलें, म्हणून तो समारंभ करण्याची सनद त्यांतून निघत नाहीं, हें दप्तरें चाळणाऱ्यांस सांगणें नको. तथापि सरकारचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. प्रजेवर कोणतेंहि बंधन न घालणाऱ्या समारंभास निराळा कायदा कशास, असा त्याचा युक्तिवाद होता. खर्च मात्र सरकारी खजिन्यांतून सुमारें १२० कोटी येन झाला, आणि पार्लमेंटाची संमति आधीं घेतलेली नव्हती.

१९२६ च्या हुकमांत प्रजेनें त्या दिवशीं सुतक पाळावें असें स्पष्ट कलम होतें. २०२२ सालीं, शोक पाळण्याची कोणावरहि सक्ति नाहीं, असें सरकारास वारंवार सांगावें लागलें.