कारखान्याला एकर ठरले, कामगाराच्या खोलीचं काय?

वस्त्रोद्योगाच्या पीएम मित्रा पार्कची चर्चा निघाली की सरकारी निवेदनातला एक आकडा हमखास येतो. एका पार्कमागे सुमारे १ लाख थेट रोजगार आणि २ लाख अप्रत्यक्ष. देशात अशी सात पार्क मंजूर झाली. त्यातलं महाराष्ट्राच्या वाट्याचं एकमेव पार्क अमरावतीला, नांदगाव पेठच्या अतिरिक्त औद्योगिक क्षेत्रात होतं आहे. घोषणा मार्च २०२३ मध्ये झाली, २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमातून पायाभरणी झाली. जागा सुमारे १ हजार एकर. एवढं मोठं काम वऱ्हाडाकडे यायला फार वर्षं लागली. ते यावं, फळावं, ही इच्छा इथल्या प्रत्येकाची आहे आणि माझीही. म्हणूनच त्या १ लाखाचा हिशेब अर्ध्यात न सोडता शेवटपर्यंत मांडायला हवा.

त्या १ लाखातले निम्मे लोक बाहेरून आले असं धरू. मेळघाटातून, दर्यापूर-अंजनगावाकडून, वाशीम-यवतमाळहून. कुटुंब तीन माणसांचं धरलं तर दीड लाख माणसं झाली. २०११ च्या जनगणनेत अमरावती महापालिकेची लोकसंख्या ६ लाख ४७ हजार होती, म्हणजे तिच्या जवळपास पाव हिस्सा इतकी ही भर. राहायला ५० हजार घरं लागतील. माणशी १३५ लिटर या नेहमीच्या निकषाने रोज २ कोटी लिटर पाणी जास्तीचं लागेल, आणि ते सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातूनच आणावं लागेल. त्याच धरणाच्या पाण्यावर नांदगाव पेठच्या १,३५० मेगावॅटच्या औष्णिक वीज प्रकल्पाचाही हक्क आहे, आणि सिंचनाचं पाणी विजेला दिलं म्हणून इथला शेतकरी रस्त्यावर उतरला होता. शहरात आजही नळ एक दिवसाआड येतो. वरचा हिशेब अर्ध्यावर आणा, पाव करा, तरी प्रश्न तोच राहतो. ही माणसं राहणार कुठे?

अमरावतीच्या आर्थिक धोरणात हा प्रश्न कधी मुळात आलाच नाही. त्याचं कारण या शहराच्या घडणीत आहे. १८५३ च्या करारानंतर वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. देशातल्या नियंत्रित बाजारांची सुरुवात या मातीत झाली, याचा अभिमान योग्यच आहे. पण या सगळ्या व्यवस्थेत कापूस जिनिंगमध्ये सरकी सोडायचा, प्रेसिंगमध्ये गाठ व्हायची आणि गाठ गाडीत चढून मुंबईला जायची. सूत तिकडे निघायचं, कापड तिकडे विणलं जायचं आणि त्यावर उभी राहणारी वस्तीही तिकडेच वसायची. जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम चार-सहा महिन्यांचा. हंगाम सरला की मजूर गावी परते. शहराला त्याला घर द्यावं लागलं नाही.

ज्या थोड्या गिरण्या इथे उभ्या राहिल्या, त्यांनी मात्र वस्ती वसवली. बडनेऱ्याच्या विजय मिलभोवती कामगार राहिले, मिलचाळ झाली. अकोल्यात सावतराम मिल, मोहता मिल यांच्या भोंग्यावर मोहल्ले उठत-बसत. पुढे भोंगे थांबले, माणसं तिथेच राहिली. अचलपूरच्या फिनले मिलचं तर कालपरवाचं उदाहरण. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने नव्या यंत्रांसह उभारलेली ही गिरणी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि पूर्ववत सुरू झालीच नाही. कामगाराने नोकरीच्या भरवशावर कर्ज काढून घर घेतलं असेल, तर गिरणीबरोबर घरही गळ्यात अडकतं. पुढे जे म्हणायचं आहे त्यासाठी ही गोष्ट ध्यानात असू द्या.

आज नांदगाव पेठेत नुसती आश्वासनं आहेत असं नाही. रेमंडचा लिननचा कारखाना चालू आहे, सूत आणि डेनिमवाले आहेत. नागपूर रस्त्यावर बिझीलँड, सिटीलँड, ड्रीमलँड हे तयार कपड्यांचे घाऊक बाजार व्यापाऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभे केले आणि मध्य प्रदेशापर्यंतचा किरकोळ दुकानदार तिथे माल भरायला येतो. बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. रस्ता, वीज, विमान, जमीन या चारही गोष्टींची तजवीज झाली. उद्योजकाला काय लागेल याची यादी तपशीलवार झाली. कामगाराला काय लागेल याची यादी कोणी केली?

आता घरबांधणीच्या बाजूने पाहू. शहराची वाढ आज लेआऊटवर चालते. रहाटगाव, कठोरा, नवसारी, रेवसा, वलगाव रस्ता, कुठेही जा. शेत विकत घेतलं, अकृषक करून घेतलं, मुरुमाचे रस्ते टाकले, खांब रोवले, फलक लावला. प्लॉट घेणारे बहुतेक नोकरदार, बागायतदार आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलांचे आईवडील. बरेच प्लॉट वर्षानुवर्षं गवत वाढवत पडून राहतात, कारण ते राहण्यासाठी घेतलेले नसतात, ठेव म्हणून घेतलेले असतात. त्यामुळे भाव चढतो आणि वस्ती विरळ होते. महापालिकेला मात्र त्या विरळ वस्तीपर्यंत नळ, नाली आणि दिवा न्यावाच लागतो.

त्यात इथली काळी. कपाशीला ही जमीन आईसारखी, पण घराला सोसत नाही. उन्हाळ्यात आकसते, हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. पश्चिमेकडच्या भारी जमिनीत पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो, खड्डा बाहेरून आणलेल्या मुरुमाने भरावा लागतो. पैसे वाचवायला कोणी तीन फुटांवर थांबलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दार चौकटीत अडकायला लागतं. गरिबाच्या दोन खोल्यांच्या खर्चाचा मोठा वाटा असा जमिनीखाली जातो आणि कोणत्याही अनुदानाच्या हिशेबात हा फरक धरलेला नसतो. पूर्वेला वडाळी-पोहऱ्याच्या डोंगराकडे जमीन कडक आहे, पाया स्वस्तात होतो. पण तिकडे जंगल आणि तलावांचं पाणलोट आहे, आणि ते राखायलाच हवं.

मग कारखान्यात लागलेल्या मुलाने घर कसं घ्यावं? १० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता ९ हजारांच्या आसपास बसतो. पगार १५ हजार धरला तर घरात काय उरेल? बँक अशा अर्जाकडे बघतही नाही. तो भाड्याची खोली शोधतो. दहा बाय दहाची, वर पत्रा, संडास तिघांत एक, आणि घरमालकाची पहिली अट, "नळाच्या दिवशीच पानी भराचं, मोटर लावाची नाही." कोणी तेवढंही टाळतो आणि गावाहून रोज दुचाकीने ये-जा करतो. पेट्रोल आणि झोप दोन्ही त्यात जातात, आणि रात्रपाळी सुटली की महामार्गावरचा तो प्रवास जिवावरचा असतो. कपडे शिवण्याच्या कामात बायांचं प्रमाण मोठं असतं. सुरक्षित खोली आणि घरी सोडणारी बस नसेल, तर मेळघाटातली किंवा भातकुलीतली मुलगी त्या नोकरीवर जाणारच नाही. गेली तरी घरचे दोन महिन्यांत परत बोलावतील. "पुण्यात पगार जास्त भेटते, पण खोलीतच जाते," असं परत आलेली पोरं सांगतात. अमरावतीची बाजू जड व्हायची ती इथेच. पगारात पुण्याची बरोबरी इथे होणार नाही. खोली स्वस्त आणि कामाजवळ मिळाली, तर हाती उरणारा पैसा बरोबरीला येऊ शकतो. माझ्या मते स्वस्त खोली हीच या शहराची सर्वांत मोठी औद्योगिक सवलत ठरू शकते, आणि तिच्यासाठी उद्योजकाला कर माफ करावा लागत नाही.

सरकारी योजनांत याला जागा आहे. मित्रा योजनेतच कामगारांची वसतिगृहं आणि घरं ही सहायक पायाभूत सुविधा म्हणून नोंदली आहेत. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी २.० टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. राज्याने मे २०२५ मध्ये मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात कामाच्या जागेजवळ घर हे तत्त्व आहे. उलट एक महत्त्वाचा नियम आपल्यापर्यंत पोचतच नाही. मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याची सक्ती १० लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांसाठी आहे. २०११ चे आकडे धरून अमरावती आणि अकोला दोन्ही बाहेर. विभागाचं मुख्यालय म्हणून मोठं आणि गरिबाच्या घराच्या बाबतीत लहान, अशी ही अडचण. नव्या जनगणनेची वाट न पाहता औद्योगिक पार्क जिथे येतंय त्या शहरांना हा नियम लावावा, ही मागणी इथल्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात रेटायला हवी.

जे आधीच इथे राहतात त्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कागदाचा आहे. आवास योजनेतून स्वतः घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा १ लाख मिळतो, पण जागा नावावर हवी. फ्रेझरपुरा, बेलपुरासारख्या जुन्या वस्त्यांत तीन पिढ्या काढलेल्या कित्येक घरांकडे वीजबिल आहे, करपावती आहे, मतदार यादीत नाव आहे, पण पट्टा नाही. त्यामुळे ज्याला पैशाची खरी गरज, तोच अपात्र. नागपूर आणि अमरावती विभागांत नझूल, म्हणजे शहरांतल्या सरकारी जमिनींचा गुंता पिढ्यांचा आहे. तो सोडवायला राज्याने २०२४ मध्ये अभय योजना आणली आणि निवासी नझूल भाडेपट्टे बाजारमूल्याच्या २ टक्के भरून मालकीचे करण्याची सोय दिली. त्याचा फायदा मुख्यतः ज्यांच्याकडे जुना पट्टा आहे त्यांना. झोपडपट्टीतल्या मोजणीला, सीमांकनाला, पट्टेवाटपाला तितकीच घाई दिसायला हवी होती.

सोलापूरकडे पाहण्यासारखं आहे. तिथल्या विडी कामगार बायांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कुंभारीत आधी गोदूताई परुळेकर वसाहतीची १० हजार घरं मिळवली. नंतर रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प लढून आणला आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. असंघटित कामगार संघटित होऊन आपल्या घराचा मसुदा स्वतः लिहू शकतो, हे तिथे सिद्ध झालं. पण सोलापुरात कामगार आणि काम दोन्ही आधीपासून होते, कमी होतं ते घर. अमरावतीत घर, काम, कामगार तिन्ही एकदम यायचे आहेत, आणि फिनलेची आठवण ताजी आहे. म्हणून नव्याने येणाऱ्याला आधी मालकीचं घर विकू नये. त्याला भाड्याची पक्की खोली द्यावी. ती सार्वजनिक मालकीची असावी, म्हणजे एक कारखाना थांबला तर तो हप्त्याविना दुसरीकडे जाऊ शकेल. स्थिरावलेल्याला पुढे तिच्यातूनच मालकीकडे जाण्याची वाट ठेवावी.

हे करणार कोण, इथे गाडी अडते. नांदगाव पेठ ग्रामपंचायत आहे, महापालिकेच्या हद्दीबाहेर. औद्योगिक क्षेत्राचं नियोजन एमआयडीसीकडे, पाणी जीवन प्राधिकरणाकडे, परवडणारी घरं म्हाडाच्या अमरावती मंडळाकडे, नझूल जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि संध्याकाळी कामगार ज्या वस्तीत झोपायला येतो ती महापालिकेकडे. महापालिकेत तर मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं प्रशासकाची गेली. नुसती हद्दवाढ हेही उत्तर नाही. अकोल्याने २०१६ मध्ये २४ गावं पोटात घेतली; हद्द एका अधिसूचनेने वाढते, नळ आणि गटार तिच्यामागे वर्षानुवर्षं चालत राहतात.

त्यामुळे पहिलं काम एका टेबलाचं आहे. या पाचही यंत्रणांनी पार्कचा आराखडा आणि शहराचा विकास आराखडा शेजारी ठेवून रहाटगाव ते नांदगाव पेठ या पट्ट्यातली सरकारी जमीन शोधावी आणि भाड्याच्या घरांसाठी आताच आरक्षित करावी. सरकारीच आणि आताच यासाठी की नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आरक्षित खासगी जागा १० वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो, आणि तोवर त्या पट्ट्यातला भाव महापालिकेच्या आवाक्यात राहणार नाही. दुसरं काम भूखंड वाटपाच्या करारातलं आहे. अमुक यंत्रं, अमुक गुंतवणूक, अमुक रोजगार असं उद्योजक लिहून देतो. त्याच कागदावर पहिल्या पाळीआधी किती कामगारांच्या राहण्याची आणि किती बायांच्या येण्याजाण्याची सोय झालेली असेल, हा रकाना वाढवता येतो. भूखंड एकदा हातातून गेल्यावर तो रकाना भरून घेणं कोणालाच जमणार नाही.