डोंगरी सायकलचा ब्रेक : रिमवरचा की चकतीचा?

व्याख्यानमालेत साहित्य, समाज आणि राज्यकारभार यांची चर्चा व्हायची, तेथे सायकलच्या ब्रेकचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. आम्हांस तो तसा वाटत नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. यंत्र चालवता येणे ही निम्मी विद्या आणि ते वेळेवर थांबवता येणे ही उरलेली निम्मी, हा धडा आम्ही कोणत्याही महाविद्यालयात नव्हे, तर कारखान्याच्या फाटकावर शिकलो. १९४८ च्या कारखाने कायद्यात यंत्राची शक्ती तत्काळ तोडण्याच्या साधनांविषयी स्वतंत्र कलम होते, ते उगीच नव्हते. कारखान्यातील यंत्र तपासायला निरीक्षक येतो. सायकल तपासायला कोणी येत नाही. तेथे स्वार हाच कामगार, तोच मालक आणि तोच निरीक्षक. म्हणून त्याला आपल्या यंत्राचे थोडे ज्ञान हवे.

आज रुंद टायरची, पुढे दांडीऐवजी स्प्रिंगचा चिमटा असलेली डोंगरी सायकल खेडोपाडी दिसते. ती घ्यायला गेले की दुकानदार पहिलाच प्रश्न टाकतो : साधा ब्रेक की डिस्क? मुलगा डिस्ककडे पाहतो, बाप किमतीकडे पाहतो, आणि निर्णय बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागतो. हा निर्णय कारणे समजून कसा घ्यावा, एवढेच आम्हांस येथे सांगायचे आहे.

प्रथम ब्रेक करतो काय ते पाहू. ब्रेक वेग नाहीसा करत नाही. तो वेगाची उष्णता करतो. स्वार ६५ किलोचा आणि सायकल १५ किलोची धरली, तर एकूण वजन ८० किलो झाले. हे वजन ३०० मीटर उंचीचा घाट उतरले की सुमारे २ लाख ३५ हजार जूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी २५ अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापेल. म्हणजे घरातील चार माणसांच्या चहाचे आधण जवळजवळ आले! यातील काही भाग वारा आणि टायर खातात. पण स्वार जितका सावकाश उतरेल तितका वाऱ्याचा वाटा कमी आणि ब्रेकचा जास्त.

पारनेर तालुक्यातील माणसाला हे समजावून सांगायला फार शब्द नकोत. पर्जन्यछायेतल्या राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे आणि गावकरी यांनी जे पाणलोटाचे काम उभे केले, त्याचे तत्त्व हेच आहे. डोंगरावरून धावत सुटणारे पाणी नाल्यात एकवटण्याची वाट पाहायची नाही. वरूनच चर आणि बांध घालून ते हळू करायचे आणि जमिनीत जिरवायचे. ब्रेक म्हणजे वेग जिरवण्याची व्यवस्था. पाणी कोठे जिरले यावर विहिरीचे भवितव्य ठरते. वेग कोठे जिरला यावर स्वाराचे.

रिमच्या ब्रेकमध्ये हा वेग चाकाच्या कडेला जिरतो. दोन रबरी गुटके रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला लोखंडी दांड्यांचा ब्रेक असे आणि त्याचे गुटके रिमच्या आतल्या अंगाला खालून दाबले जात. डोंगरी सायकलीवर त्याचा सुधारलेला अवतार आला. लांब दोन हातांचा, केबलने ओढला जाणारा हा ब्रेक १९९६ च्या सुमारास शिमानो कंपनीने व्ही-ब्रेक या नावाने रूढ केला. चकतीच्या ब्रेकमध्ये चाकाच्या मध्याशी, हबला, पोलादी चकती बसवलेली असते आणि चिमट्यावरील जबड्यातील दोन पट्ट्या तिला आवळतात. हा जबडा काही सायकलींत केबलने ओढला जातो, तर काहींत नळीतल्या तेलाच्या दाबाने.

आता एक प्रश्न. जात्याचा खुंटा कडेला का ठोकतात? मधोमध ठोकला तर दळणारीचे हात मोडून येतील म्हणून. रिमचा ब्रेक हा कडेच्या खुंट्यासारखा आहे. २६ इंची चाकात गुटका मध्यापासून सुमारे साडेसत्तावीस सेंटिमीटरवर दाबतो. १६० मिलिमीटरच्या चकतीत पट्टी जेमतेम सात सेंटिमीटरवर धरते. म्हणजे तेवढेच चाक थांबवायला चकतीवरचे घर्षण जवळजवळ चौपट हवे. तेव्हा जागेच्या हिशेबाने रिमचा ब्रेकच सरस ठरतो, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला व्ही-ब्रेक चाक सहज जाम करू शकतो. चाक जाम झाल्यावर पुढची मर्यादा ब्रेकची नसते. ती टायर आणि जमीन यांच्या पकडीची असते. डिस्क लावली म्हणून मुरुमाची पकड वाढत नाही.

मग डिस्कचे एवढे माहात्म्य का? याचे उत्तर पाऊस, चिखल आणि उष्णता या तीन शब्दांत आहे.

रिम जमिनीच्या जवळ असते. पाणी, राड आणि वाळू आधी तिच्यावर येतात. ओल्या रिमवर गुटका प्रथम पाणी पुसतो आणि मग पकडतो. या पुसण्यात चाकाचे काही फेरे निघून जातात आणि उतारावर तेवढ्या वेळात वळण येऊन ठेपते. रिम क्रोम केलेल्या पोलादाची असेल तर पावसात तिचा भरवसा फारच कमी. ॲल्युमिनियमची त्याहून पुष्कळ बरी. शिवाय वाळूचे कण गुटक्यात रुतून रिम खरवडतात. रिम ही चाकाचाच भाग असल्याने ती झिजून पातळ झाली, तर टायरच्या दाबाने फाटू शकते. चकती उंचावर, चिखलापासून दूर असते. तिच्यावरचा दाब मोठा असल्याने पाणी पटकन निघून जाते. आणि ती झिजली तर चाक न बदलता तेवढीच बदलता येते. चाकाला आउट आला, म्हणजे ते लंगडू लागले, तर रिमचा ब्रेक घासतो. डिस्कला त्याचे सोयरसुतक नसते.

उष्णतेची गोष्ट अशीच. रिम तापली की तिच्या आतली ट्यूबही तापते. वजनदार स्वार किंवा लादलेली सायकल लांब घाटात सतत ब्रेक दाबून उतरली, तर टायर फुटण्याचा धोका असतो. चकतीची उष्णता टायरपासून दूर राहते. ब्रेक तापण्याचा प्रश्न डोंगरी सायकलच्या जन्मापासूनचा आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात काही तरुण जुन्या सायकलींवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती लावू लागले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे. एका उतारात त्यातले ग्रीस जळून जाई आणि हब खोलून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच रिपॅक, म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले.

डिस्क ही कल्पना मात्र त्याहून जुनी. इंग्लंडच्या लँचेस्टरने मोटारीसाठी तिचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. १९५३ साली जॅग्वार मोटारीने ल माँची शर्यत डिस्कच्या बळावर जिंकली आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. रस्त्यावरील सायकल शर्यतींत तिला आंतरराष्ट्रीय संघटनेची पक्की परवानगी मिळायला २०१८ साल उजाडले. डांबरी रस्त्यावर जगातले निष्णात स्वार इतकी वर्षे रिमच्या ब्रेकवर घाट उतरत होते, हेही यावरून ध्यानात घ्यावे.

डिस्कचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. ओव्हरऑयलिंग करताना तेलाचा एक थेंब चकतीवर पडला आणि पट्ट्यांनी तो शोषला, की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही; पट्ट्या बहुधा टाकूनच द्याव्या लागतात. चकती पातळ असते. सायकल गर्दीत आडवी पडली तर वाकते. नवी पट्टी लगेच पूर्ण पकडत नाही. सपाटीवर वीस-तीस वेळा वेग घेऊन हळूहळू ब्रेक दाबत ती चकतीवर बसवून घ्यावी लागते. तेलाच्या ब्रेकमध्ये हवा शिरली तर मूठ पोकळ लागते, आणि ती हवा काढायला योग्य तेल व माहीतगार हात हवा. काही कंपन्यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात, तर काहींचे मोटारीच्या ब्रेक-तेलावर. एकात दुसरे घातले तर आतली रबरे खराब होतात. रिमच्या ब्रेकचे गुटके मात्र लहानसहान गावातही मिळतात आणि एका पान्याने बदलता येतात. तुटलेली केबल तर शाळकरी मुलगाही घालतो.

दुरुस्तीचा हा मुद्दा आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. यंत्र आपल्या गावात दुरुस्त होते की नाही, यावर ते आपले की आपण त्याचे, हे ठरते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे त्यातून केवढा उद्योग उभा राहिला, ते सर्वांना ठाऊक आहे. सायकल ही माणसाला उघडून पाहता येणारी वस्तू होती, हे त्या कथेतले एक मर्म आहे.

आता निवड. आपल्या जिल्ह्याचेच दोन भाग डोळ्यांसमोर आणा. पारनेरचे पठार कोरडे, पाऊस थोडा, चढउतार बेताचे. राळेगणसिद्धीहून शेतावर, शाळेत किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्याला ॲल्युमिनियमची रिम आणि चांगला व्ही-ब्रेक पुरेसा आहे. वाचलेले पैसे त्याने चांगल्या टायरवर खर्चावेत, कारण शेवटची पकड टायरचीच. पण जो अकोल्याकडे, कळसूबाई-रतनवाडीच्या मुलखात पावसाळ्यात हिंडणार, माळशेजचा घाट पाठीवर ओझे घेऊन उतरणार, किंवा काळ्या चिकण मातीच्या पाणंदीतून रोज जाणार, त्याने डिस्कच घ्यावी. जवळ जाणता कारागीर असेल तर तेलाची, नसेल तर केबलची.

दोन इशारे. पहिला : डिस्क हे नाव म्हणजे गुण नव्हे. किंमत कमी ठेवून डिस्क दाखवायची, तर काटकसर कोठेतरी होतेच. मग जबडा ढिला, केबल ताणणारी, हब हलका. अशा डिस्कपेक्षा त्याच पैशांतला उत्तम व्ही-ब्रेक केव्हाही चांगला. दुसरा : जुन्या सायकलीला डिस्क लावण्याचा मोह आवरावा. डिस्कचा जोर हबमधून स्पोकवर आणि चिमट्याच्या टोकावर येतो. त्यासाठी हब, स्पोकांची आडवी गुंफण आणि चिमटा तसाच बनवलेला लागतो. लोखंडी पट्टी जोडून तो मजबूत होत नाही.

ब्रेक कोणताही असो, घाटात वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. सतत दाबून न धरता दाबावा आणि सोडावा, म्हणजे रिम वा चकती निवते. पुढचा ब्रेक, जो आपल्याकडे बहुधा उजव्या मुठीत असतो, तोच अधिक कामाचा, कारण थांबताना भार पुढच्या चाकावर येतो; पण सुट्या मुरुमावर तो हलक्या हाताने वापरावा. आणि निघण्यापूर्वी दोन्ही मुठी एकदा दाबून पाहाव्यात. त्याला अर्धे मिनिट लागते.

मुलाला सायकल घेऊन देणाऱ्या बापाला आमचे एवढेच सांगणे आहे : दुकानात रंग मुलाला निवडू द्या, ब्रेक तुम्ही निवडा; आणि तो कसा तपासायचा, कसा बदलायचा हे मुलाला त्याच दिवशी शिकवा. ज्याला आपले यंत्र थांबवता येते, त्यानेच ते धाववावे.