लेकीच्या हातांसाठी : सायकलचे हातमोजे निवडताना



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज आपण हातमोज्यांविषयी बोलणार आहोत. थंडीतले लोकरीचे हातमोजे नव्हेत, तर सायकल चालवताना घालायचे, बोटांची टोकं उघडी ठेवणारे अर्धे हातमोजे. "आम्हाला काय शर्यतीत उतरायचंय का?" असं कुणीतरी विचारणारच. शर्यतीत नाही, पण आपल्या लेकी रोज सकाळी रस्त्यावर उतरतात, ते काही कमी नाही.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते, हे तुम्हाला माहीत आहे. या कार्यक्रमाचं आयुक्तालय आपल्याच छत्रपती संभाजीनगर शहरात आहे. पैठण, गंगापूर, कन्नड, सिल्लोड, कुठंही जा, सकाळी ओढणी बांधून, पाठीवर दप्तर घेऊन सायकलवर निघालेल्या पोरी दिसतात. सायकल आली म्हणून शाळा टिकली, अशी कितीतरी घरं आहेत. पण बैठकीत आया हळूच एक गोष्ट सांगतात : "पोरगी म्हणते, हाताला मुंग्या येतात. करंगळी बधिर होते. पहिल्या तासाला पेनच धरवत नाही." आणि मग पुढचं वाक्य येतं : "नको ती सायकल, असं म्हणायला लागली." मैत्रिणींनो, सायकल सुटली की शाळा सुटायला वेळ लागत नाही. म्हणून हा विषय छोटा समजू नका.

मुंग्या का येतात?

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की हातभर झिणझिण्या जातात ना? ती एक नस आहे. ती कोपरामागून खाली येते आणि तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं, मनगटाजवळच्या मऊ उंचवट्यातून बोटांकडे जाते. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाला संवेदना देणारी हीच नस. हाताच्या पकडीचे बरेचसे बारीक स्नायूही तीच चालवते. हँडलवर अंगाचा भार टाकून बसलं, की नेमका त्याच उंचवट्यावर दाब येतो. वर खडबडीत रस्त्याचे हादरे. नस दबते, बोटं झिणझिणतात, पकड सैल होते. पकड सैल म्हणजे ब्रेकही नीट दाबला जात नाही. खरा धोका तिथं आहे.

आधी सायकल बघा, मग हातमोजे

हातमोजे घेण्याआधी एक काम फुकटात होतं. सायकल मुलीच्या मापाची लावून घ्या. सीट फार उंच आणि हँडल खाली असेल, तर सगळं अंग पुढं झुकतं आणि भार हातांवर येतो. हँडल थोडं वर घ्या. सीटचं टोक पुढं झुकलेलं असेल तर सीट सपाट करा, नाहीतर मुलगी सारखी पुढं घसरते आणि हातांनी स्वतःला मागं ढकलत राहते. दप्तर पाठीवर नको, कॅरियरला घट्ट बांधा. हँडलच्या रबरी मुठी झिजून कडक झाल्या असतील तर बदला. सायकल दुरुस्तीच्या दुकानात हे काम चटकन होतं.

आणि मुलीला सांगा, कोपर ताठ ठेवू नको, थोडं वाकवून ठेव. मनगट खाली मोडू देऊ नको. अधूनमधून हाताची जागा बदल. एवढं करूनही मुंग्या येत असतील, रस्ता लांबचा असेल किंवा उन्हाळ्यात घामानं मूठ घसरत असेल, तर हातमोजे कामाचे आहेत.

बोटं उघडी कशासाठी?

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. पूर्ण हातमोज्यात हात उकडून निघतो. अर्ध्या हातमोज्यात तळहात झाकलेला आणि बोटं मोकळी. घाम उडून जातो, बोटांना ब्रेकचा अंदाज येतो, घंटी वाजवता येते, ओढणी सावरता येते. आणि पडलीच मुलगी, तर माणूस आधी हात टेकतो. खडीवर तळहात सोलवटून निघतो, ते या हातमोज्यानं बरंच वाचतं. मात्र मनगटाचं हाड मोडायचं ते यानं वाचत नाही आणि डोकं तर नाहीच नाही. डोक्याला हेल्मेटच लागतं.

माप कसं घ्यायचं?

बाजारात मिळणारे बरेच हातमोजे पुरुषांच्या हाताच्या मापानं केलेले असतात. मोठा हातमोजा तळहातात सरकतो, गोळा होतो आणि जिथं नको तिथं टोचतो. म्हणून आधी घरी माप घ्या. शिलाईची टेप घ्या. अंगठा सोडून, चार बोटांच्या मुळाशी जी हाडं वर येतात, त्यांच्यावरून तळहाताभोवती टेप फिरवा. टेप नसेल तर दोरा फिरवा आणि तो पट्टीवर मोजा. ज्या हातानं जास्त काम करता, त्या हाताचं माप धरा, कारण तो थोडा मोठा असतो. माप सेंटिमीटर आणि इंच दोन्हीत लिहून ठेवा. पाकिटावर स्मॉल, मीडियम, लार्ज लिहिलेलं असतं, पण एका कंपनीचं स्मॉल दुसरीच्या मीडियमएवढं निघू शकतं. म्हणून अक्षरावर जाऊ नका, मापाचा तक्ता बघा.

हातात घेऊन काय बघायचं?

शहरात गुलमंडी-औरंगपुऱ्याकडे खरेदीला गेलात किंवा तालुक्याच्या बाजारात, ही सहा ठिकाणं तपासा.

पहिलं, तळहाताचं कापड. चकचकीत पातळ रेग्झिन घेऊ नका. घामानं आणि उन्हानं त्याला भेगा पडतात. हाताला मऊ लागणारं, चमक नसलेलं, मखमलीसारखं कृत्रिम चामडं जास्त टिकतं. कापड चिमटीत धरून पिळा. पांढऱ्या रेघा उमटल्या तर ते लवकर फाटणार समजा. वर रबराचे ठिपके असतील तर पकड चांगली बसते, पण नखानं खरवडून बघा, ठिपका निघून येता कामा नये.

दुसरं, आतली गादी. इथंच बहुतेकजणी फसतात. जाड गादी म्हणजे चांगली, असं वाटतं. पण जाड गादीनं मूठ मोठी होते आणि लहान हाताची बोटं ब्रेकपर्यंत पोचत नाहीत. तीन-चार मिलिमीटरची, दाबल्यावर परत वर येणारी गादी पुरे. अंगठ्यानं दाबून सोडा. खड्डा तसाच राहिला तर ती गादी महिन्याभरात बसणार. जाडीपेक्षा जागा महत्त्वाची. करंगळीकडच्या त्या मऊ उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना आधार हवा आणि मध्ये नसेसाठी खोलगट जागा हवी. नेमकी नसेवर कडक गाठ आली, तर हातमोजाच दुखणं वाढवतो.

तिसरं, शिलाई. हातमोजा उलटा करून बघा. आपण सगळ्याजणी शिवणकाम जाणतो, इथं आपल्याला कुणी फसवू शकत नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधली जागा सर्वांत जास्त घासते. तिथं जाड शिवण नको आणि दुहेरी टीप हवी. बोटांच्या कडा दुमडून शिवलेल्या हव्यात. सुटे धागे दिसले तर ठेवून द्या.

चौथं, पाठीमागचं कापड. जाळीदार, ताणलं जाणारं कापड हवं. नुसतं सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं. अंगठ्यावर टॉवेलसारखा तुकडा लावलेला असेल तर घाम पुसायला सोयीचा.

पाचवं, मनगटाची पट्टी. चर्रर्र आवाज करत चिकटते-सुटते ती वेल्क्रोची पट्टी. तिचे काटे पट्टीबाहेर डोकावत असतील तर ओढणीचे धागे ओढले जातात. पट्टी लावल्यावर अजून थोडी घट्ट करायला जागा राहिली पाहिजे, कारण वापरानं कापड सैल होतं. बांगड्या घालणाऱ्या बायकांनी आखूड मनगटाचा हातमोजा बघावा, म्हणजे पट्टी बांगड्यांच्या खाली बसते. काचेच्या बांगड्या पट्टीखाली दाबून घालू नका. पडलात तर काच हातात शिरते.

सहावं, रंग. पहाटे किंवा दिवेलागणीला सायकल चालवायची असेल तर फिकट रंग किंवा उजेडात चमकणारी पट्टी असलेले हातमोजे घ्या. वळताना दाखवलेला हात मागच्या गाडीवाल्याला दिसला पाहिजे.

घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

दोन्ही हातांत घाला. मूठ दहा वेळा आवळा आणि सोडा. दुकानाबाहेर सायकल उभी असेल तर हँडल धरून ब्रेक दाबून बघा. तळहातात कापडाची घडी पडते का? बोटांच्या बेचक्यात ओढ बसते का? काढल्यावर बोटांवर लाल वळ राहतात का? यातलं काहीही असेल तर माप चुकलं. आणि दुकानदारानं व्यायामशाळेचे अर्धे हातमोजे पुढं केले, तर ते वेगळे असतात हे लक्षात ठेवा. त्यांची गादी वजन उचलण्यासाठी बोटांच्या मुळाशी असते. आपल्याला ती तळहाताच्या खालच्या भागात हवी. मोटारसायकलचे, वर कडक कवच असलेले हातमोजेही सायकलला जड आणि गरम होतात.

एक गोष्ट जिवाची

हे हातमोजे शेतात फवारणीला कधीही वापरू नका. बोटं उघडी असतात, शिवाय कापड औषध शोषून घेतं आणि विष कातडीला चिकटून राहतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, ते विसरू नका. फवारणीला पूर्ण हात झाकणारे, औषध आत न शिरणारे रबरी हातमोजेच लागतात. तसंच सायकलचे हातमोजे एकीचे दुसरीला देऊ नका. घामट हातमोज्यातून गजकर्णासारखे कातडीचे रोग पसरतात.

धुणं आणि टिकवणं

पट्टी बंद करून, साध्या पाण्यात, थोड्या साबणानं हातानं धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. सावलीत वाळवा. आपलं ऊन गादी आणि रबर दोन्ही खराब करतं. काढताना बोटांची टोकं ओढू नका, मनगटाकडून उलटवत काढा. टीप सुटली तर त्याच दिवशी टाका घाला.

हातमोज्यानं न भागणारं दुखणं

सायकलवरून उतरल्यावर थोड्या वेळात मुंग्या गेल्या तर घाबरू नका. पण बधिरपणा दिवसभर राहिला, रात्री झोपमोड झाली, हातातून पेन-भांडं निसटू लागलं किंवा अंगठ्याजवळचं मांस बसलेलं दिसलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मधुमेह, थायरॉईड आणि गरोदरपणातही हाताला मुंग्या येतात, त्याचा सायकलशी संबंध नसतो. आणि बधिर हाताबरोबर अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर लपवू नका. कुष्ठरोग याच नसेला पहिल्यांदा धरू शकतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. वेळेत औषध घेतलं तर तो पूर्ण बरा होतो आणि हात वाचतो. लाजेपायी उशीर झाला तर बोटं वाकडी होतात.

गटात काय करता येईल?

जुन्या काळी सायकलस्वारांच्या हातमोज्यांना तळहाताला चामडं आणि पाठीवर क्रोशाचं सुती विणकाम असायचं. क्रोशा आपल्या गटात कितीजणींना येतो! पण लगेच विकायला करू नका. गादीची जागा चुकली तर मुलीच्या हाताला त्रास होईल. आधी एक चांगला हातमोजा विकत आणा, त्याचे भाग नीट बघा, एक जोड शिवा आणि आपल्यातल्याच एका मुलीला महिनाभर वापरू द्या. ती काय सांगते ते ऐका.

विकतच घ्यायचे असतील तर पुढच्या मासिक बैठकीत सायकलवर जाणाऱ्या सगळ्या मुलींना बोलवा. दोरा आणि पट्टी ठेवा, मापं वहीत लिहा. मग दोघी-तिघींनी बाजारात जाऊन आधी प्रत्येक मापाचा एकेकच जोड आणायचा. मुलींनी घालून बघितल्यावर बाकीचे घ्यायचे. एकदम घेतल्यावर भाव कमी करून मागता येतो आणि बदलून देण्याची बोलीही आधीच करता येते. पावती घ्यायला विसरू नका.

आणि आजच संध्याकाळी एक करा. मुलगी शाळेतून आली की तिचा हात हातात घ्या आणि विचारा : "बाळा, करंगळीला मुंग्या येतात का?" पुष्कळ पोरी विचारल्याशिवाय सांगत नाहीत.