गाडीवाली आजी

सर्वपित्री अमावस्येला आमच्या घरी एक पान जास्तीचं निघतं. आजोबा, पणजोबा सगळ्यांची पानं वाढून झाली की सासूबाई म्हणतात, "हे गाडीवालीचं." लग्न होऊन परभणीला आले, त्याच वर्षी मी विचारलं होतं, ही कोण? "असंल कुणी. माझी सासू वाढायची, मी वाढते." संपला विषय.

भाऊबंदांनी छापून घेतलेल्या वंशावळीत तर ती नव्हतीच. सगळ्यात वर मूळ पुरुष. तो म्हणे नेवासे तालुक्यातून गोदाकाठानं खाली आला आणि गंगाखेडजवळ वस्ती करून राहिला. म्हणजे इंग्रजी मुलखातून निजामाच्या राज्यात. त्याच्या खाली मुलं, नातू, पणतू. एवढ्या मोठ्या कागदावर बाई एकही नाही! एवढी सगळी माणसं जन्माला कशी आली, देव जाणे.

सासरे गेले तेव्हा अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो. रामकुंडावर आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, तसे आमच्या घराण्याचे उपाध्याय सापडले. त्यांनी लांबट जुनी वही काढली. यात्रेकरू आला की नाव, गाव, सोबतची माणसं लिहून घ्यायची, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जुनी पानं मोडीत. मला ओ की ठो कळेना. गुरुजी बोट फिरवत वाचू लागले आणि एका नोंदीवर थांबले.

शके 1820, पौष. म्हणजे 1899 चा जानेवारी-फेब्रुवारी. त्र्यंबकच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला आलेली एक बाई, सोबत दोन मुलगे. नवरा मूळ गावी मयत. हल्ली वस्ती गंगाखेडजवळ, आमच्याच गावी.

मी पुन्हा वाचायला लावलं. नवऱ्याचं नाव मूळ पुरुषाचं होतं. तो बिचारा कधी गंगाखेडला आलाच नव्हता! 1896-97 च्या दुष्काळानंतरचे ते दिवस. दोन पोरं घेऊन जी आली, ती ही.

आणि तिचं नाव? आमच्या थोरल्या नणंदेचंच. घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "ते माझ्या सासूनं ठेवलं. हेच ठेवायचं म्हणून हटून बसल्या होत्या."

मग मला नादच लागला. तहसिलातून 1954-55 चं खासरा पत्रक काढलं, तिथं जमीन नातवांच्या नावावर. त्याआधीचे निजामाच्या काळातले कागद उर्दूत, साल फसली. (फसली सालात 590 मिळवले की साधारण इसवी सन येतो, लिहून ठेवा.) 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मराठवाड्यात असे कागद घरोघरी निघाले, त्यामुळे उर्दू वाचणारे निवृत्त गुरुजी शोधायला फार हिंडावं लागलं नाही. फसली 1309 च्या कागदावर जमीन थोरल्या मुलाच्या नावावर. आईचं नाव कुठंच नाही. सरकारदरबारी ती कधी नव्हतीच, होती फक्त उपाध्यायांच्या वहीत आणि आमच्या पत्रावळीवर.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही असं एखादं बिननावाचं पान निघत असेल, तर म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. तीर्थाला गेलात की वही उघडायला सांगा. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या तर अमेरिकेतल्या युटामधल्या एका संस्थेनं मायक्रोफिल्म काढून ठेवल्या आहेत! आपल्या वह्यांचं मोल आपल्यालाच नाही.

भाऊबंदांना नोंद दाखवली. एक चुलत सासरे म्हणाले, "आता छापलेलं कशाला बदलायचं?" मी घरच्या प्रतीवर, मूळ पुरुषाच्या शेजारी, पेनानं तिचं नाव लिहिलं.

यंदा सर्वपित्रीला सासूबाईंनी शेवटचं पान घेतलं, भात वाढला, आमसुलाची चटणी वाढली आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, "काय गं, नाव काय म्हणालीस तिचं? घे की."

मी नाव घेतलं.