ओढला तर निघत नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपमध्ये मिस्त्रींनी माझ्यापुढे एक सागवानी ठोकळा ठेवला. त्याच्या कुशीला, अगदी तळाशी, लिंबाएवढा उंचवटा होता. "ओढा की," म्हणाले. ओढला, तर हलेना. खिळा नव्हता, स्क्रू नव्हता, सरसाचा थेंबही नव्हता. मग त्यांनी दोन बोटांनी ठोकळा सरळ वर उचलला, आणि उंचवटा टेबलावर तसाच राहिला. आवाजसुद्धा झाला नाही.

ही करामत डोव्हटेल सांध्याची. खाच तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद, घागरीसारखी. आणि तिच्यात बसणारं कुसू तसंच, टोकाकडे रुंदावत गेलेलं. इंग्रजांना त्यात कबुतराची शेपटी दिसली, जर्मन आणि फ्रेंचांना भिंगरीची. प्राचीन इजिप्तच्या सुतारांनी पेट्यांचे कोपरे याच सांध्याने जोडले होते.

घरातलं जुनं सागवानी कपाट असेल तर त्याचा खण बाहेर काढून कोपरा बघा. खणाची दर्शनी फळी आपण रोज ओढतो, वर्षानुवर्षं ओढतो, तरी ती बाजूच्या फळ्यांपासून सुटत नाही. कारण रुंद शेपट्यांना अरुंद तोंडातून बाहेर पडताच येत नाही. शेपटीचा उतार किती ठेवायचा, याचंही गणित आहे. मऊ लाकडात सहास एक, कठीण लाकडात आठास एक. याहून कमी उतार दिला तर सांधा घसरतो. जास्त दिला तर शेपटीच्या कोपऱ्यातले रेशे आखूड पडतात आणि तुकडा उडतो.

आता पावसाळा. आषाढात खण अडकतो, हा कोल्हापुरातला घरोघरचा अनुभव. ओला साग पूर्ण सुकेपर्यंत रेशांच्या आडवा साधारण २.५ ते ५.८ टक्के आटतो, लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. आणि दमट हवेत पुन्हा थोडा फुगतो. खणाच्या चारही फळ्यांचे रेशे आडवे धावतात, त्यामुळे सगळ्या फळ्या फुगतात त्या उंचीतच, आणि एकदमच. खण चौकटीत अडकतो, पण कोपरा फाटत नाही.

इतका घट्ट सांधा मोजून कापत असतील, असं मला वाटायचं. तसं नाही. आधी शेपट्या कापायच्या. मग तीच फळी उभ्या धरलेल्या दुसरीच्या टोकावर आडवी ठेवून सुरीच्या टोकाने तिच्या कडा उतरवून घ्यायच्या. पहिल्या फळीत करवत जराशी वाकडी गेली असेल, तर तो वाकडेपणाही दुसरीवर उतरतो आणि दोन्ही चुका एकमेकींत चपखल बसतात. पेन्सिल इथे चालत नाही, कारण अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेतच सांधा बिघडतो. करवत चालवायची तीही रेघेच्या टाकाऊ बाजूने. उरलेलं पटाशीने तासायचं. आणि बसवून-काढून दहादा बघायचं नाही, दरवेळी रेशे दबतात आणि सांधा सैल होत जातो.

मिस्त्रींचा ठोकळा मात्र याच्या अगदी उलट कामाचा. कोल्हापूरच्या परिसरात, शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत, शेकडो फौंड्र्या आहेत. ओतायच्या भागाची प्रतिकृती, म्हणजे पॅटर्न, चौकटीत ठेवून भोवती वाळू ठासतात, मग पॅटर्न वर उचलतात. उरलेल्या पोकळीत लोखंड ओततात. (पॅटर्न घडवणाऱ्या सुतारांची पट्टीसुद्धा वेगळी. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आटतं, म्हणून तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरहून सेंटिमीटरभर लांब.)

अडचण येते ती कुशीला उंचवटा असलेल्या पॅटर्नची. सरळ उचलला तर उंचवटा वरची वाळू उकरून काढणार. म्हणून तो वेगळा करून डोव्हटेलने बसवतात. खाच उभी आणि खालून उघडी. त्याला फौंड्रीत लूज पीस म्हणतात. वाळू ठासताना तो बाजूला सरकू शकत नाही, पण पॅटर्न वर गेला की जागीच, वाळूत राहतो. मग मोकळ्या झालेल्या पोकळीत त्याला आडवा सरकवून अलगद काढतात. खणाचा सांधा सरसाने कायमचा बंद करायचा असतो. हा दर ओतकामाला सुटायला हवा. घट्ट झाला तर पॅटर्नबरोबर वर येऊन साचा फोडतो, ढिला झाला तर जागा सोडतो. कुसूच्या कडेवरून काचकागद फिरवताना मिस्त्री सारखे थांबून बोटाने चाचपत होते, ते याचसाठी. शेजारच्या शेडमधल्या लेथची आडवी स्लाइडही याच आकारावर मागेपुढे सरकत होती, फक्त लोखंडात.

"सांधा नीट नसला की फटीत वाळू जाते. मग कास्टिंगवर रेघ उठतीया," मिस्त्री म्हणाले आणि त्याच पॅटर्नचं एक कास्टिंग माझ्याकडे सरकवलं. उंचवट्याभोवती बोट फिरवून मी बराच वेळ ती रेघ शोधली. सापडली नाही.