नर्मदेतील निर्मनुष्य बेटे

‘निर्मनुष्य बेट’ हे शब्द कानी पडताच अथांग सागर, नारळीची झाडे आणि जहाज फुटून किनाऱ्यास लागलेला एखादा खलाशी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. इच्छापूरच्या केळीच्या मळ्यांतून समुद्र फार दूर. परंतु नावेने जाऊन ओसाड बेटावर राहुटी ठोकण्याची हौस भागविण्यास समुद्रच गाठला पाहिजे असे नाही. बऱ्हाणपूर, खंडवा आणि मूंदी या वाटेने हनुवंतियास गेले की पुढे पाणीच पाणी दिसते व त्यात हिरव्या टेकड्या तरंगत असल्याचा भास होतो.

हा इंदिरासागर जलाशय. पुनासा येथील या धरणाची कोनशिला इंदिरा गांधींनी २३ ऑक्टोबर १९८४ रोजी, मृत्यूच्या अवघे आठ दिवस आधी बसविली. ९२ मीटर उंचीचे हे धरण २००५ साली पुरे झाले. तुडुंब भरले असता जलाशय सुमारे ९०० चौरस किलोमीटर पसरतो. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्याच्या पर्यटन विभागाने हनुवंतियास पहिला जलमहोत्सव भरविला, आणि तंबू, नौका व बेटांवरील भटकंती यांची ख्याती झाली.

ही बेटे किती, हे मोजून सांगणे व्यर्थ होय. पाण्याची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर, तर खालची मर्यादा २४३.२३ मीटर, म्हणजे जवळजवळ १९ मीटरांचा फरक. पावसाळ्याअखेर जे बेट असते, ते वीज व कालव्यांसाठी पाणी सोडल्यावर वैशाखात काठाला जोडलेली साधी टेकडी होऊन बसते.

मुक्कामास जाणाऱ्याने उतारावरील गवत नसलेला पट्टा आधी पाहावा. पाणी कोठवर चढते ते त्यावरून कळते. राहुटी त्याच्या वरच ठोकावी. पट्ट्यातील गाळ वरून वाळलेला दिसला तरी पाय गुडघ्यापर्यंत रुततो. नर्मदेत मगरी आहेत, तेव्हा तिन्हीसांजेस मुलांना काठाशी खेळू देऊ नये. पाण्याखाली जुन्या झाडांची खोडे असतात, म्हणून अंधारात नाव हाकण्याचा आग्रह नावाड्यास करू नये. त्याचे ‘नाही’ मुकाट्याने ऐकावे. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे व कचरा परत आणावा.

पर्यटक या बेटांना ‘अस्पर्श’ म्हणतात. हा शब्द मात्र मला खटकतो. ती निर्मनुष्य आहेत, कारण तेथील मनुष्यांना उठविण्यात आले. या जलाशयाची झळ सुमारे अडीचशे गावांना बसली. जेथे आज राहुटी उभी राहते, त्या टेकड्यांवर कालपरवापर्यंत त्या गावांची गुरे चरत होती. २८ सप्टेंबर १९८९ रोजी हरसूद येथे हजारो लोकांनी एकत्र येऊन अशा विनाशकारी विकासास विरोध केला होता. त्याच हरसूदचे रहिवासी २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्याच हातांनी आपली घरे पाडीत होते; दारे, खिडक्या, कौले गाड्यांवर लादून नेत होते. बऱ्हाणपुराहून इटारसीकडे जाणारी गाडी पूर्वी हरसूद स्थानकावरून जाई. रूळच पाण्यात जाणार म्हणून लोहमार्ग वळवावा लागला, व आता ती छनेऱ्यावरून जाते. नवे हरसूदही तेथेच वसले.

म्हणून तेथे जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. नावाडी वयस्क असेल तर त्यास एवढेच विचारावे, ‘बाबा, या पाण्याखाली कोणते गाव?’ आणि मुलांना ते ऐकू द्यावे. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की जुन्या हरसूदची जोती उघडी पडतात. तेव्हा म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन तेथे येतात आणि गल्लीचा अंदाज घेत आपल्या घराची जागा शोधतात.